हरणाच्या चाचणीत सीडब्ल्यूडी आढळला, आणि थोडं मांस आधीच खाल्लं आहे. आता काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विस्कॉन्सिनमध्ये मॅडिसनजवळ राहणारे एक मराठी गृहस्थ काही वर्षांपासून शेजारच्या काकांबरोबर नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला जातात. यंदा तिथल्याच आयोवा काउंटीत (काउंटी म्हणजे जिल्हा) त्यांना मोठा नर मिळाला. डोकं चाचणीला दिलं, पण निकाल यायच्या आतच थोडं मांस घरी शिजवलं आणि बाकीचं सॉसेज करायला दुकानात टाकलं. दोन आठवड्यांनी कळलं की हरणाला सीडब्ल्यूडी, म्हणजे क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांचा जीवघेणा रोग, होता. पत्नी म्हणते, फ्रीजर रिकामा करा आणि हा नाद सोडा. शेजारचे काका म्हणतात, आम्ही जन्मभर खातोय, कुणाला काही झालेलं नाही. यांना विचारायचं आहे की आम्हाला आजार होईल का, मांसाचं काय करू, पुढच्या वर्षी जाऊ की नको, आणि शिंगं ठेवली तर चालतील का.

मी पशुवैद्य आहे. परळला शिकले आणि आता बरीच वर्षं अमेरिकेच्या मिडवेस्टात वन्य प्राण्यांच्या रोगनिदानाचं काम करते. माणसांची डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. पण असा फोन दर हंगामात येतो, आणि प्रत्येक वेळी विचारणाऱ्याच्या आवाजात तीच धास्ती असते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी खरी अडचण काय आहे ते पाहू. तुम्ही विचारताय 'आम्हाला होईल का', पण त्याचं हो किंवा नाही असं उत्तर आज कुणीच प्रामाणिकपणे देऊ शकत नाही. तुमच्या हातात आहे ते वेगळं: जे खाऊन झालं ते मागे सोडून, जे अजून खाल्लेलं नाही त्याचा निर्णय घेणं. या रोगाने शिकाऱ्याच्या आयुष्यात हाच मोठा बदल केला आहे. पूर्वी गोळी लागली, हरीण साफ केलं, संध्याकाळी कढईत गेलं. आता मधे दोन आठवड्यांची वाट आणि एक निर्णय येऊन बसला आहे. ती वाट पाहायची शिस्त लागली की बाकी बरंच सोपं होतं.

रोगाबद्दल थोडं. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज म्हणजे हरणांच्या मेंदूचा, त्यांना झिजवत मारणारा रोग. 1967 मध्ये कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सच्या संशोधन केंद्रात पाळलेल्या हरणांमध्ये तो पहिल्यांदा लक्षात आला, आणि 1981 मध्ये त्याच राज्यात जंगली एल्कमध्ये (हरणाच्या एका मोठ्या जातीत) सापडला. विस्कॉन्सिनमध्ये 2001 च्या हंगामात माउंट होरेबजवळ मारलेल्या तीन हरणांत तो निघाला आणि फेब्रुवारी 2002 मध्ये जाहीर झाला. मिसिसिपी नदीच्या पूर्वेला सापडलेली ती पहिलीच प्रकरणं. आज तो अमेरिकेच्या 35 हून अधिक राज्यांत आहे, कॅनडात आहे, आणि 2016 पासून नॉर्वेच्या रेनडियरमध्येही आहे. नॉर्वेने नॉर्डफ्येला भागातला दोन हजारांहून अधिक रेनडियरचा अख्खा कळप मारून टाकला. यावरून हा रोग किती गंभीरपणे घेतला जातो याची कल्पना येईल.

रोगाचं कारण जंतू नाही, विषाणूही नाही. प्रिऑन नावाचं, चुकीच्या घडीचं एक प्रथिन आहे. दुधात चमचाभर विरजण पडलं की सगळं दूध हळूहळू त्याच रूपात जातं, तसं हे वाकडं प्रथिन शेजारच्या चांगल्या प्रथिनांना आपल्यासारखं वाकडं करत जातं. त्यात जनुकं नाहीत, त्यामुळे 'मारायला' काही जिवंतच नाही. इथे आपल्या स्वयंपाकघरातला एक मोठा गैरसमज आड येतो. बऱ्याच मराठी घरांतून मला विचारलं जातं की कुकरला चांगल्या सात-आठ शिट्ट्या काढल्या तर? घरचा कुकर 120 अंशांच्या आसपास जातो. जिवाणूंना तेवढं पुरतं, प्रिऑनला पुरत नाही. वाफवणं, भाजणं, धुरावणं, मिठात घालणं, वर्षभर फ्रीझ करणं, यातल्या कशानेही मांस सुरक्षित होत नाही.

आता तुमच्या घरातल्यांबद्दल. आजपर्यंत हरणाचं मांस खाऊन माणसाला सीडब्ल्यूडी झाल्याचं एकही सिद्ध प्रकरण नाही. आणि लोकांनी खाल्लेलं नाही असं मुळीच नाही. दरवर्षी हजारो बाधित हरणं नकळत लोकांच्या ताटात जातात. 2005 मध्ये न्यूयॉर्क राज्यात ओनायडा काउंटीत एका सामूहिक जेवणात बाधित हरणाचं मांस वाढलं गेलं आणि नंतर निकाल आला. तिथल्या आरोग्य खात्याने आणि विद्यापीठाने त्या लोकांवर काही वर्षं लक्ष ठेवलं, आणि या मांसाशी जोडता येईल असा आजार कुणात दिसला नाही. तेव्हा तुमच्या पत्नीला माझ्याकडून एवढं सांगा: दोन जेवणांनी घरावर संकट कोसळलं असं मानायला आज कोणताही पुरावा नाही. मुलांनी खाल्लं असेल तरी हेच उत्तर. यासाठी रक्ताची किंवा दुसरी कोणती तपासणी करून घ्यायच्या मागे लागू नका. लक्षणं नसलेल्या माणसात अशी बाधा दाखवणारी चाचणीच नाही. तुमच्या डॉक्टरांना नोंद म्हणून सांगून ठेवा. निकाल कळवणाऱ्या वन्यजीव खात्याने 'मांस खाल्लं का' असं विचारलं तर खरं ते सांगा. अशा नोंदींवरच पुढचं ज्ञान उभं राहणार आहे.

मग शेजारचे काका बरोबर आहेत का? त्यांच्या बोलण्यात अर्धं तथ्य आहे, आणि उरलेल्या अर्ध्याबद्दल मला काळजी वाटते. ते पन्नास वर्षं हरीण खात असतील, पण त्यातली पहिली तीसेक वर्षं तरी त्यांच्या रानात हा रोग कुणाला सापडलेला नव्हता. सापडला तेव्हाही शेकड्यात एखाद-दुसरं हरीण बाधित होतं. आज आयोवा, सॉक, रिचलंड या काउंट्यांच्या काही टापूंत प्रौढ नरांपैकी तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त बाधित निघतात. म्हणजे त्यांच्या ताटातला धोका त्यांच्या डोळ्यांदेखत वाढला, फक्त दिसला नाही. दुसरी गोष्ट, प्रिऑनचे रोग फार सावकाश चालतात. ब्रिटनमध्ये गायींचा 'मॅड काउ' हा असाच प्रिऑनचा रोग 1986 मध्ये ओळखला गेला. त्याचा माणसांतल्या आजाराशी संबंध असल्याचं सरकारने मान्य केलं मार्च 1996 मध्ये. मधली दहा वर्षं लोकांना 'गोमांस सुरक्षित आहे' हेच ऐकवलं जात होतं. पुढे तिथे पावणेदोनशेच्या वर माणसं त्या आजाराने गेली. सीडब्ल्यूडीचं तसंच होईल असं मी म्हणत नाही. माकडांना सीडब्ल्यूडी होतो का हे पाहणारे प्रयोगही एकमेकांशी जुळत नाहीत. पण अमेरिकेचं सीडीसी, म्हणजे रोगनियंत्रण केंद्र, बाधित प्राण्याचं मांस खाऊ नका असं स्पष्ट सांगतं, आणि माझं मतही तेच आहे. आधीचं दुर्दैवाने खाल्लं गेलं यात घाबरण्यासारखं नाही. निकाल हातात असताना पुढचं मुद्दाम खायचं, याला मात्र मी कधीच हो म्हणणार नाही.

इंटरनेटवर शोधाल तर 2024 मधली दोन शिकाऱ्यांची बातमी समोर येईल. त्यांना सीजेडी नावाचा, माणसांतला प्रिऑनचा मेंदूचा आजार झाला होता आणि त्यांच्या खाण्यात हरणाचं मांस होतं. ती वाचून रात्र काढू नका. सीजेडी हा आजार जगभर दरवर्षी दहा लाखांत साधारण एक-दोन माणसांना कोणत्याही कारणाशिवाय होतोच, शाकाहाऱ्यांनाही होतो. विस्कॉन्सिनसारख्या राज्यात लाखो शिकारी असताना त्यातल्या एखाद्याला तो होणं गणितानेच अटळ आहे. ही बातमी ज्या वैद्यकीय टिपणीवरून आली ती लिहिणाऱ्यांनीही मांसामुळेच झाला असं सिद्ध केल्याचा दावा केलेला नव्हता.

आता फ्रीजर. या हरणाचे घरी असलेले सगळे तुकडे दुहेरी पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यातून लँडफिलला, म्हणजे कचरा पुरायच्या जागी, जाऊ द्या. परसात पुरू नका, कंपोस्टात टाकू नका, कुत्र्याला घालू नका, रानात तर नेऊन टाकूच नका. प्रिऑन मातीतल्या चिकणमातीला धरून वर्षानुवर्षं टिकून राहतात, आणि तिथे चरायला येणाऱ्या पुढच्या हरणाला तेच मिळतात. सॉसेजचं थोडं परिस्थितीवर अवलंबून आहे. दुकानदाराला आजच फोन करा आणि तुमचं मांस वेगळं दळलं की इतरांच्या बरोबर, ते विचारा. बरीच दुकानं सॉसेजसाठी चार-पाच जणांचं मांस एकत्र करतात. तसं झालं असेल तर तुमच्याकडे आलेलीच नाही, तर त्या घाण्यातली सगळी सॉसेजं टाकायला हवीत, आणि ज्यांचं मांस त्यात होतं त्यांना कळायला हवं. हा फोन करायला जड जाईल, तरी कराच. कुणाच्या घरी वानवळा म्हणून मांस दिलं असेल तर त्यांनाही सांगा. दिवाळीचा फराळ वाटावा तसं आपले लोक इथे हरणाचं मांसही वाटतात, हे मी पाहिलेलं आहे. फ्रीजरमधली इतर हरणं, ज्यांचा निकाल वेगळा आला आहे आणि पाकिटांवर खूण आहे, ती टाकायचं कारण नाही. खूण नसेल आणि कोणतं कुणाचं हे कळत नसेल, तर ओळखू न येणारं सगळं टाकून द्या.

सुऱ्यांसाठी एक चांगली सोय सापडलेली आहे. 2019 मध्ये मॉन्टानातल्या हॅमिल्टन इथल्या सरकारी प्रयोगशाळेने दाखवून दिलं की घरगुती ब्लीचचं 40 टक्के द्रावण, म्हणजे दोन वाट्या ब्लीचला तीन वाट्या पाणी, पोलादाच्या पृष्ठभागावरचे सीडब्ल्यूडीचे प्रिऑन पाच मिनिटांत निकामी करतं. अट एकच: मांसाचा कण चिकटलेला नको, कारण ब्लीच मांसाच्या आत शिरत नाही. आधी खसखसून घासा, मग पाच मिनिटं बुडवा, मग स्वच्छ धुवा, नाहीतर पातं गंजतं. लाकडी पाट मात्र सरळ टाकून द्या.

निकालाच्या कागदाबद्दलही सांगायला हवं, कारण शिकारी लोक तो चुकीचा वाचतात. आम्ही काय करतो ते पाहा. हरणाचं डोकं उलटं ठेवतो, जबड्याच्या मागे गळ्यावर आडवा छेद घेतो, आणि स्वरयंत्र पुढे ओढलं की घशाच्या मागच्या भिंतीशी दोन्ही बाजूंना इंच-दीड इंचाच्या, चपट्या, फिकट लसिका ग्रंथी दिसतात. त्या काढतो. म्हणूनच डोक्याबरोबर मानेचा पाच इंच तरी भाग ठेवा असा आग्रह असतो. कुणी शिंगांच्या मोहात वा घाईत मान अगदी वर कापली की ग्रंथी धडाकडेच राहतात आणि नमुना वाया जातो. व्हाइट-टेल हरणात, म्हणजे इथे शिकार होते त्या जातीत, प्रिऑन मेंदूआधी या ग्रंथींत जमायला लागतात, त्यामुळे हरीण धडधाकट दिसत असतानाच रोग सापडू शकतो. पण अगदी नुकती बाधा झालेली असेल तर तिथेही काही दिसत नाही. म्हणून चांगल्या निकालात 'आढळला नाही' एवढंच लिहिलेलं असतं, 'सुरक्षित' असं कधीच लिहिलेलं नसतं. मी स्वतः 'आढळला नाही' असा निकाल आलेलं हरीण बिनधास्त खाते. तो धोका मला पत्करण्याजोगा वाटतो. तुमच्या घरात तो वाटत नसेल तर तो निर्णयही तितकाच बरोबर आहे.

हरीण बघून रोग ओळखता येतो, हा भ्रम मात्र सोडाच. लाळ गळणारं, कान पाडून उभं असलेलं, बरगड्या निघालेलं, माणसाला न भिणारं हरीण ही शेवटच्या काही आठवड्यांची किंवा महिन्यांची अवस्था. त्याआधी दीड-दोन वर्षं ते तुमच्या नरासारखंच तकतकीत दिसतं. माझ्या टेबलावर बाधित निघालेल्या हरणांपैकी बहुतेकांच्या शिकाऱ्यांनी 'एकदम तगडं होतं' असंच सांगितलेलं असतं.

पुढच्या वर्षी जावं की नाही? मला विचाराल तर जा. 2002 नंतर विस्कॉन्सिनमध्ये बरेच लोक धास्तावून घरी बसले, परवान्यांची विक्री घसरली. दुसरीकडे सरकारने बाधित टापूतली हरणं संपवायचा घाट घातला. शिकाऱ्यांना आणि जमीनमालकांना तो पटला नाही, आणि काही वर्षांत तो सोडून द्यावा लागला. शेजारच्या इलिनॉयमध्ये रोग त्याच वर्षी सापडला होता. तिथे त्यांनी बाधित ठिकाणांभोवती हिवाळ्यात नेमबाज पाठवून नेमकी कत्तल चालू ठेवली, आणि कितीतरी वर्षं बाधेचं प्रमाण खाली राहिलं. इथे ते वाढत गेलं. नैऋत्य विस्कॉन्सिनमध्ये गळ्यात पट्टे बांधून हरणांचा मोठा अभ्यास झाला. निरोगी मादीची वर्षभर जगण्याची शक्यता 83 टक्के निघाली, बाधित मादीची 41. नरांमध्ये हेच आकडे 69 आणि 17. माद्याच अशा मरू लागल्या की कळप आतून पोखरला जातो. यावर लक्ष ठेवणारे डोळे म्हणजे शिकारीच, कारण जिवंत हरणांच्या मागे नमुन्यांसाठी धावणं कोणत्याही खात्याला परवडत नाही. तुम्ही दिलेलं डोकं नसतं तर तो नर बाधित होता हे कुणालाच कळलं नसतं. शिवाय इथल्या रानांची देखभाल परवान्याच्या शुल्कावर आणि 1937 च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवर लागणाऱ्या करावर चालते. भारतात 1972 च्या कायद्यानंतर शिकार म्हणजे गुन्हा, त्यामुळे आपल्या नातेवाईकांना हे पटवून देणं अवघड जातं, मला ठाऊक आहे. पण इथली व्यवस्था त्या पायावर उभी आहे, आणि चाचणी करणारा शिकारी तिच्यातून निघून गेला तर रोगाला मोकळं रान मिळेल.

फक्त पद्धत बदला. डोकं खात्याच्या किऑस्कवर, म्हणजे नमुने जमा करायच्या ठिकाणी, दिल्यावर निकाल येईपर्यंत त्या हरणाचं प्रत्येक पाकीट वेगळं ठेवा आणि त्यावर परवान्याचा क्रमांक लिहा. घाई असेल तरी थांबा. दुकानदाराला 'माझं हरीण वेगळंच करा' असं आधी सांगा, जास्त पैसे पडले तरी. साफ करताना हातमोजे घाला. करवतीने पाठीचा कणा चिरू नका, मांस हाडापासून सोडवून घ्या. मेंदू, मज्जारज्जू, डोळे, प्लीहा आणि ग्रंथी काढून टाका, मात्र तेवढ्याने बाधित हरीण खाण्याजोगं होतं असं समजू नका, कारण स्नायूंमध्येही प्रिऑन सापडलेले आहेत. उरलेला सांगाडा खात्याने ठेवलेल्या डंपस्टरमध्येच (कचऱ्याच्या मोठ्या पेटीतच) टाका. काकांना मक्याचे ढीग किंवा मिठाच्या लाद्या टाकायची सवय असेल तर ती मोडायला सांगा. एकाच ढिगात दहा तोंडं घातली की लाळेतून रोग पसरतो, आणि बाधित काउंट्यांत त्याला कायद्यानेही बंदी आहे.

आणखी एक, जे शिकाऱ्यांना ऐकायला आवडत नाही. माद्यांपेक्षा नरांत, आणि कोवळ्यांपेक्षा वयस्कांत बाधा जास्त असते. प्रौढ नर दूरवर हिंडतो, अनेकांच्या संपर्कात येतो. म्हणजे ज्याच्या शिंगांसाठी लोक तासन्‌तास मचाणावर गारठतात, तोच जेवणाच्या दृष्टीने सगळ्यात जोखमीचा. घरात लहान मुलं आहेत आणि मांस हवं आहे, तर कोवळी मादी निवडा. मोठ्या नराचा मोह झाला तर तो जरूर घ्या, पण त्याचं मांस मिळेलच असं गृहीत धरून मनात बेत आखू नका.

आणि शिंगं: ठेवा. शिंग हा हाडाचाच भाग आहे, त्यातून तुम्हाला काही होण्याची भीती नाही. त्याखालचा कवटीचा तुकडा मात्र मेंदूचा अंशही न ठेवता खरवडून घ्या, वर सांगितलेल्या ब्लीचमध्ये बुडवा, वाळवा, आणि मग भिंतीवर लावा. डोकं भरून घ्यायचं असेल तर ते काम परवानाधारक टॅक्सिडर्मिस्टकडेच द्या, आणि हरीण बाधित होतं हे त्याला देतानाच सांगा.